झाकणभर जास्त

आमच्या घरी औषधांचा एक पत्र्याचा डबा आहे. कधीकाळी त्यात बिस्किटं होती. आता बाबांची बीपीची गोळी, मायच्या गुडघ्याची गोळी आणि शेजारच्या म्हातारीच्या साखरेच्या गोळ्या असतात. म्हातारीच्या घरी वाचणारं कोणी नाही, म्हणून तिचाही माल आमच्याकडे. प्रत्येक पाकिटाच्या मागे मी काळ्या मार्करने चित्र काढून ठेवते. सकाळच्या गोळीवर सूर्य, रात्रीच्या गोळीवर चंद्र. अर्धीच घ्यायची असेल तर अर्धा सूर्य आणि त्याच्याखाली आडवी रेघ. जेवणाआधीची असेल तर शेजारी रिकामं ताट. चित्र काठावर काढायचं, मधोमध नाही. नाहीतर गोळ्या फोडता फोडता सूर्य फाटतो आणि बाबा पाकीट घेऊन येतात, "हा कोनता हाय, पाह्य बरं."

ही पद्धत मी अकरावीत असताना काढली. माय-बाबांना अक्षर येत नाही, पण चित्र येतं. आजवर एकदाही गोळी चुकली नाही. हे मी मोठेपणा सांगायला लिहीत नाही. म्हणजे, थोडा मोठेपणा आहेच.

आमच्या सगळ्या नात्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.ए., मग इतिहासात एम.ए. आता पुलगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. कायम नाही, पण गावात मला 'मॅडम' म्हणतात आणि मला ते आवडतं. कोणाला दवाखान्याची चिठ्ठी कळली नाही, शाळेचा फॉर्म भरायचा असला, की "मॅडमकडे घेऊन जा." या सगळ्यात मला एक सवय लागली. कोणी काही समजावून सांगायला लागलं की मान हलवायची. समजलं, समजलं. नसलं समजलं तर घरी येऊन वाचून काढायचं. पण समोरच्याला 'मला कळलं नाही' म्हणायचं नाही.

बाबांचं उलटं. ते लिहिलेल्या गोष्टीवर विश्वासच ठेवत नाहीत. आमची भाजी आहे, वांगी, पालक, मेथी, सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. वांग्यावर कीड आली की बाबा फवारणीचं औषध पंपात टाकतात ते बाटलीच्या झाकणाने मोजून. कीड गेली नाही, की पुढच्या पंपाला झाकणभर जास्त. यावरून मी त्यांच्याशी दरवर्षी भांडते.

"बाबा, लेबलवर लिहिलं आहे इतकंच टाकायचं."

"लिवनाऱ्यानं आपली वांगी पाह्यली का?"

दोन वर्षांपूर्वी असंच झाकणभर जास्त टाकून त्यांनी वांग्याची पानं करपवली. मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. अडाणीपणा म्हणतात तो हाच, असंही म्हणाले होते. बापाला.

गेल्या हिवाळ्यातली ही गोष्ट आहे. त्याआधी पावसाळ्यापासून मला काहीतरी होत होतं. रडू येत असतं तर बरं झालं असतं. काहीच येत नव्हतं. फळ्यावर सनावळी लिहिताना मध्येच थांबायचे आणि पुढचं सन का लिहायचं तेच कळायचं नाही. सकाळी उठून केस विंचरणं हे काम वाटायचं. दिवाळी गेली, माझ्या अंगावरून एक ट्रक जावा तशी गेली. शेवटी मी घरी विद्यापीठाचं काम सांगितलं आणि एकटीच वर्ध्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले.

घरी का सांगितलं नाही, ते आमच्या गावातल्या कोणालाही विचारा. डोक्याच्या डॉक्टरकडे एकदा गेलेल्या माणसाचं नावच बदलतं. "तो? तो पागल हाय थोडासाक." मग तो कितीही शहाण्यासारखा वागो. मॅडमची 'पागल मॅडम' व्हायला एक दुपार पुरली असती.

डॉक्टर बाई माझ्या मावशीच्या वयाच्या. त्यांनी सगळं नीट ऐकलं. चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, "पहिले सात दिवस अर्धी, सकाळी. मग पूर्ण. फरक पडायला काही आठवडे लागतील. आणि हे लक्षात ठेवा, सुरुवातीला कधीकधी बेचैनी वाढते, भीती वाटते, मन एकदम खालीवर होतं. नको ते विचारही येऊ शकतात. तसं झालं तर पुढच्या तारखेची वाट नाही बघायची. मला फोन करायचा. घरी कोणाला तरी सांगून ठेवा. कळलं ना?"

मी मान हलवली. वर म्हणाले, "हो मॅडम, मी प्राध्यापक आहे."

त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या, असं आता वाटतं.

पाकीट मी माझ्या जुन्या कंपासपेटीत ठेवलं आणि पेटी पर्समध्ये. त्यावर चित्र काढलं नाही. मला चित्र कशाला?

पहिला आठवडा बरा गेला. तोंड कोरडं पडायचं, सकाळी मळमळायचं. आठव्या दिवशी पूर्ण गोळी सुरू केली. आणि त्यानंतर तीन-चार दिवसांनी, सकाळचे अकरा वाजले असतील, मी स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसले होते. खिडकीतून ऊन येत होतं. शिपाई काकांनी चहा ठेवला. काहीही झालं नव्हतं, कोणी काही बोललं नव्हतं, आणि माझ्या पोटातून भीती वर आली.

मी आधी भीती पाहिलेली होती. परीक्षेची, मुलाखतीची, लहानपणी सापाची. त्या भीतीला काहीतरी समोर असतं. याला समोर काहीच नव्हतं. बोअरमधलं पाणी संपलं तरी मोटर सुरू राहते ना, तसं. आवाज चालू, पाइप थरथरतो आहे आणि पाणी मात्र कुठेच पडत नाही. अशी मोटर जळते हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मी उठले. उठल्यावर बरं वाटलं. म्हणून बसले. बसल्यावर पुन्हा तेच, पायांच्या हाडांत मुंग्या भरल्यासारखं. चहा मी उभ्यानेच, खिडकी ते कपाट अशा फेऱ्या मारत संपवला.

दोन दिवस हे चाललं. कधी तासाभरासाठी थांबायचं आणि मग उगाच हसू यायचं, खूप बोलावंसं वाटायचं. आणि पुन्हा ते. दुसऱ्या दिवशी मी विचार केला, म्हणजे जसा माझ्यासारखी शिकलेली बाई करेल तसा. मन बिघडलेलं होतं म्हणून गोळी घेतली. मन आणखी बिघडतं आहे. म्हणजे आजार जोरात आहे आणि गोळी कमी पडते आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं नाही का? आठवलं. पण ते दुसऱ्या लोकांसाठी होतं, ज्यांना समजावून सांगावं लागतं. मी सात-आठ वर्षं अख्ख्या घराच्या गोळ्या सांभाळल्या होत्या. फोन करून 'मॅडम, मला भीती वाटते' म्हणायची लाज वाटली.

मी दुपारी अर्धी गोळी आणखी घ्यायला लागले. कॉलेजच्या नळावर, डबा खाल्ल्यावर.

दोन-तीन दिवसांत वर्गात उभं राहता येईना. उभं म्हणजे एका जागी. शिकवताना मी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत आणि परत, असे पूर्ण तास चालले. मागच्या बाकावरचं एक पोरगं हळूच बोललं, "मॅडम, आज दांडीयात्रा हाय का?" वर्ग हसला. मीही हसले. हसताना हातातला खडू मोडलेला होता आणि तो कधी मोडला ते मला माहीत नव्हतं.

पुलगावला लष्कराच्या डेपोकडून कधीमधी धम्म असा आवाज येतो. जुना दारूगोळा निकामी करतात. इथे जन्मलेला माणूस त्या आवाजाने बोलणंसुद्धा थांबवत नाही, म्हशी रवंथ थांबवत नाहीत. त्या दिवशी तास सुटता सुटता तो आवाज आला आणि मी टेबलाचा काठ धरून खाली बसले. एका पोरीने विचारलं, "मॅडम, चक्कर आली का?" मी म्हणाले, "पेन पडला." पेन कानावर होता.

तरीही मी दुपारची अर्धी गोळी घेतली.

आता विहिरीचं सांगते. हे लिहायला मला खूप दिवस लागले आहेत.

आमच्या शेतात विहिरीला लागूनच मोटरच्या स्टार्टरची पेटी आहे. कॉलेजातून आल्यावर मोटर लावायचं काम माझं. शाळेत होते तेव्हापासून. हिरवं बटण दाबायचं, पाइपला कान लावायचा, पाणी चढलं की परत यायचं. त्याच संध्याकाळी मी बटण दाबलं आणि मनात एक वाक्य आलं. आवाज माझाच होता. वाक्य माझं नव्हतं. ते मी इथे लिहीत नाही. मी मागे सरकले, वांग्यांच्या ओळीत जाऊन उभी राहिले आणि माझे दोन्ही हात काखेत दाबून धरले. जणू ते हात कोणा दुसऱ्याचे होते.

मला मरायचं नव्हतं. हे मी शपथेवर सांगते. मला घरी जाऊन चहा प्यायचा होता, सहामाहीचे पेपर तपासायचे होते. आधी, पावसाळ्यात, जेव्हा काहीच वाटत नव्हतं, तेव्हासुद्धा असं वाक्य कधी आलं नव्हतं. म्हणून तर मी घाबरले. मला वाटलं, डोकं माझ्या हातातून सुटून चाललं आहे. आज वाक्य आलं, उद्या काय येईल? आणि ते आलं तेव्हा मी नसले तर? म्हणजे मी असेन, पण मी नसेन?

दुसऱ्या दिवसापासून मी मोटर लावायला गेले नाही. "बाबा, पाय दुखून राह्यले, तुम्ही लावा ना." बाबा गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. शेताकडे उघडणारी खिडकी मी लावून घेतली. माय म्हणाली, "हवा येऊ दे ना वो." मी म्हणाले, "मच्छर येतात."

चौथ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. दुपारी तीन-साडेतीनला माय अंगणात सांबाराच्या जुड्या बांधत बसली होती. मी तिच्यासोबत बसले. जुडी बांधायची आमची रीत अशी की मूठभर काड्या घ्यायच्या, मुळं सारखी करायची, सुतळीचे दोन वेढे द्यायचे आणि टोक आत खोचायचं. गाठ मारायची नाही. गाठीने काड्या चेंगरतात आणि सकाळपर्यंत देठ काळे पडतात. हे मी पाचवीत शिकले आहे. त्या दिवशी मी दहा-बारा जुड्या बांधल्या असतील. प्रत्येक जुडी बांधून उठायचे, गोठ्यापर्यंत जायचे, परत यायचे.

मायने माझी एक जुडी उचलली. फिरवून पाहिली.

"सांबाराचा जीव घेऊन राह्यली काय वो?"

सुतळीला दोन गाठी होत्या, इतक्या घट्ट की देठातून पाणी आलं होतं. तिने दुसरी उचलली. तीही तशीच. तिने माझ्या सगळ्या जुड्या आपल्याकडे ओढल्या आणि एकेक सोडायला लागली.

"चार दिवस झाले पाहून राह्यली मी. बसली की उठते. ताट हातात घेऊन अंगनभर फिरत जेवते, नवरदेवाच्या घोड्यावानी. मोटर लावाले बापाले पाठवते. काय झालं? कोनी पोरगं हाय का?"

"नाई वो माय."

"मंग कालेजातून काढलं?"

"नाई."

"मंग सांग ना. का मी जुड्यातच वाचू?"

मी उभीच होते. बसून सांगता आलं नसतं. म्हणाले, "माय, मले विहिरीचं भेव वाटून राह्यलं."

तिचे हात थांबले. वर न बघता तिने विचारलं, "विहिरीचं, का सोताचं?"

आमच्या मायने कधी शाळेचा उंबरा ओलांडला नाही. मी आजवर जितक्या तोंडी परीक्षा दिल्या, त्यांत असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"सोताचं," मी म्हणाले.

"जाव वाटते, का जाईन म्हून भेव वाटते?"

"भेव वाटते. मले नाई जायचं, माय. मले नाई जायचं."

"मंग इथं बस. माह्या मांडीले मांडी लावून बस. हल जितकं हलायचं तितकं."

मी बसले. माझा पाय तिच्या मांडीला लागून थडथड उडत होता आणि ती त्यावर हात ठेवून राहिली. मी सगळं सांगितलं. वर्धा, डॉक्टर, गोळी, कंपासपेटी. विद्यापीठाचं काम खोटं होतं तेही. ती मध्ये एकदाच बोलली, "म्हंजे दिवाळीत लाडू तू उगाच वाखानले."

बाबा पाठीवरचा पंप घेऊन शेतातून आले. मायने त्यांना उभ्या उभ्याच दोन वाक्यांत सांगितलं. बाबांनी पंप उतरवला, हात धुतले, लुंगीला पुसले.

"आन ते गोळी. पाहू."

मी कंपासपेटी आणली. त्यांनी पाकीट उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा उलटं केलं. उन्हात धरलं.

"यावर सूर्य काऊन नाई?"

मी रिकाम्या कंपासपेटीचं झाकण लावलं.

"किती घेते?"

"सकाळी एक. आन... पाच-सहा दिवसांपासून दुपारी अर्धी."

"दुपारची डाक्टरनं सांगतली?"

"नाई."

"मंग कोनं?"

"मी. मले वाटलं कमी पडून राह्यली."

बाबा खाली बसले, सांबाराच्या ढिगाजवळ. मी वाट बघत होते. त्यांनी आता काहीही म्हणावं, त्यांचा हक्क होता. लेबल वाचून दाखवत होती ना मले, अडानी म्हने ना बापाले, काहीही.

"झाकनभर जास्त," ते म्हणाले. अगदी हळू. आणि त्यांचा चेहरा मी वांगी करपली तेव्हा पाहिला होता तसा झाला.

माय उठली. "चुलीत टाका ते पाकीट. इखच ते."

"नाही," मी म्हणाले, "एकदम बंद नाही करायची. त्यानंही त्रास होतो."

"तुलेच समजते सगळं! त्याच्यानंच तं हे झालं!"

"मले नाई समजत," मी म्हणाले. "मले काहीच नाई समजत, माय. डॉक्टरले फोन लावू."

हे वाक्य त्या घरात मी पहिल्यांदाच बोलले असेन.

फोन मी स्पीकरवर ठेवला. डॉक्टर बाईंनी चार-पाच प्रश्न विचारले. मी दुपारच्या अर्ध्या गोळीचं सांगितलं तेव्हा त्यांनी किती दिवसांपासून ते विचारलं. मग म्हणाल्या, "आज आणखी काही घेऊ नका. एक मिनिटही एकट्या राहू नका. आजच या, मी सातपर्यंत आहे. सोबत कोण आहे?"

"मी हावो, मॅडम," माय फोनकडे वाकून ओरडली. "माय हाय मी तिची."

उद्याच्या बाजारासाठी शेजाऱ्यांची मालाची गाडी वर्ध्याला निघणारच होती. बाबांनी ती लवकर काढायला लावली. मागे पालकाचे गठ्ठे, मध्ये आम्ही दोघी. माय निघताना सोडलेल्या जुड्या पुन्हा बांधून पोत्यात घालून आली. मी म्हणाले, "माय, दवाखान्यात चाललो ना आपण." ती म्हणाली, "वर्धेलेच चाललो ना? मंग रिकामं काऊन जा?" गाडीत बसायला जागा नव्हती, तेच बरं झालं. मी लोखंडी दांडा धरून पूर्ण रस्ता उभी राहिले. मायने माझ्या ओढणीचं टोक आपल्या मनगटाला दोनदा गुंडाळलं होतं. वेढे दिले आणि टोक खोचलं, गाठ नाही. वर्ध्याला लागून असलेलं सिंदी मेघे येईपर्यंत तिने ते सोडलं नाही. वाटेत कुठे विहीर दिसली की मी डोळे मिटून घ्यायचे आणि ती बोलायची, "गेली."

डॉक्टरांच्या खोलीत मी नेहमीसारखं व्यवस्थित सांगायला सुरुवात केली. "मला थोडी अस्वस्थता..."

"थोडी नाई, मॅडम," मायने मध्येच तोडलं. "ते जेवतच नाई बसून. जुडीले गाठी मारते. विहिरीकडची खिडकी लावून घेते. तिले सोताचं भेव वाटून राह्यलं."

डॉक्टरांनी मला विहिरीबद्दल सरळ विचारलं. काही आडवळण नाही, आवाज खाली नाही. किती वेळा विचार आला, कधीपासून, काही ठरवलं आहे का. मी उत्तरं दिली. ते वाक्यही सांगितलं, जे इथे लिहिलं नाही. बोलून झालं तेव्हा ते छोटं वाटलं. नाहीसं झालं असं नाही.

मग त्या म्हणाल्या, "तुमचं डोकं हातातून सुटलेलं नाही. या औषधाने काही लोकांना सुरुवातीला असं होतं. डोस वाढवला की जास्त होतं. तुम्हाला ते झालं आणि तुम्ही त्यावर आणखी गोळी घेतली. मी सांगितलं होतं, बेचैनी वाढली तर फोन करा."

"सांगितलं होतं."

"तुम्ही मान हलवली होती."

"हो."

"ते लहानपनापासून तशीच हाय," माय म्हणाली. "मानच हलवते."

डॉक्टर हसल्या. मला हसू आलं नाही, पण येऊ शकतं असं वाटलं.

त्यांनी गोळी पुन्हा अर्ध्यावर आणली. सोबत थोड्या दिवसांसाठी दुसरी एक दिली. विहिरीकडे एकटीने जायचं नाही, घरात कोणीतरी सोबत राहायचं, दोन दिवसांनी फोन, चौथ्या दिवशी परत. मी विचारलं, "हे जाईल का?"

"बहुतेक जाईल. काही दिवस लागतील. नाही गेलं तर औषध बदलू, औषधं पुष्कळ आहेत. मला कळलं मात्र पाहिजे. कळलं?"

मान हलायला लागली होती. मी ती थांबवली आणि म्हणाले, "दुसरी गोळी किती वाजता, ते नीट कळलं नाही. पुन्हा सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं.

निघताना मायने पिशवीतून सांबाराची एक जुडी काढून टेबलावर ठेवली. "वड्या करजा, मॅडम. देठ काळे नाई पडत याचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून अंगणात आले तर पत्र्याचा डबा उघडा होता. माय चौकटीत बसून माझ्या पाकिटावर मार्कर चालवत होती. मार्कर तिने मुठीत धरला होता, खुरपं धरतात तसा. पाकिटाच्या काठावर तिने एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर अर्धा गोल काढला. तो गोल कमी आणि फुटलेला माठ जास्त दिसत होता. मग एकेक किरण. किरण काढताना ती जीभ बाहेर काढत होती.

बाबा मागे येऊन उभे राहिले. "हा उगवून राह्यला का बुडून राह्यला?"

"सकाळची हाय ना गोळी? मंग बुडन कसा?"

तिने पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला. मी गोळीचे दोन तुकडे केले. एक परत ठेवला, एक तोंडात टाकला. गिळला. भीती होती तिथेच होती, पोटात, मोटर चालू होती. गोळी गिळताना तर आणखी वाढली, कारण आता मला माहीत होतं की गोळी काय करू शकते.

बाबा मोटर लावायला गेले. आम्ही दोघी उंबऱ्यावर बसलो. माय माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, ती माझ्या पायांकडे बघत होती. डावा पाय जमिनीवर टेकलेला होता. उजवा हलत होता. तिने विचारायच्या आधी मीच म्हणाले, "हलून राह्यला."

"दिसून राह्यलं मले," ती म्हणाली. "सांगत राह्यजो."

शेताकडून पाइपात पाणी चढल्याचा आवाज आला. आम्ही तशाच बसून राहिलो, माझ्या पायाकडे बघत.